बसचं इंजिन, रेल्वेचा डबा: आमच्या १०८ च्या सेकंड गिअरच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. आम्ही सगळे, म्हणजे जुनी रेल्वेगाडी हौसेने दुरुस्त करणारी मंडळी, फक्त शनिवारी भेटतो आणि मागच्या शनिवारी कुठला पाइप सोडवला नि कुठला जोडला हे पुढच्या शनिवारपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही, मग अर्धा दिवस "हे कोणी केलं" यातच जातो.

गाडी म्हणजे क्लास १०८, दोन डब्यांची डिझेल गाडी, इंग्लंडमधल्या डर्बीच्या लिचर्च लेन कारखान्यात बांधलेली. मी राहतो डर्बीतच, सायकलने गेलो तर कारखाना वीस मिनिटांवर, तिथे आजही रेल्वेचे डबे बनतात. या १०८ बनल्या १९५८ ते १९६१ मध्ये, एकूण ३३३ डबे. आमच्या जोडीत एका डब्याखाली दोन इंजिनं आहेत (ही पॉवरकार), दुसरा डबा नुसता ओढायचा (हा ट्रेलर), पण त्यालाही ड्रायव्हरची केबिन आहे. म्हणजे शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडवा, फिरवा, पलीकडे नेऊन जोडा ही भानगडच नाही, ड्रायव्हर आपली पिशवी उचलून दुसऱ्या टोकाला चालत गेला की झालं. वाफेच्या इंजिनांवर आयुष्य काढलेल्या लोकांना तेव्हा हेच मोठं अप्रूप होतं.

तक्रार अशी: फर्स्टमध्ये गाडी झकास उचलते, सेकंड टाकला की दोन नंबरचं इंजिन नुसतंच घोंघावतं, ओढत काहीच नाही, एक नंबर बिचारं एकटं ओढतं. थर्डला पुन्हा दोन्ही ओढतात. आणि हे नेहमी होत नाही, हीच तर खरी पीडा.

१९ ऑक्टोबर

आज पाऊस, शेडच्या पत्र्यावर असा आवाज की बोलणंच मुश्किल. पिटमध्ये (रुळांमधला, गाडीखाली उभं राहायचा खड्डा) उतरून नुसती पाहणी केली आणि नवीन आलेल्या दोन पोरांना सगळं समजावलं, ते इथेही लिहितो म्हणजे परत परत सांगायला नको.

या गाड्यांची सगळी गंमत अशी की त्या मुळात बस आहेत. खरंच. डब्याच्या फरशीखाली सहा सिलिंडरचं लेलँडचं इंजिन आडवं झोपवलंय, १५० हॉर्सपॉवरचं, तसलं अजून एक शेजारी. ६८० म्हणतात त्याला, ६८० क्युबिक इंच म्हणून, म्हणजे साधारण ११.१ लिटर. हेच खानदान आपल्याकडे अशोक लेलँडनेही बनवलं, त्यामुळे गाडी सुरू झाली की बंद होईपर्यंत मला एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटतं, फक्त कोणी "दौंड-दौंड-दौंड" ओरडत नाही एवढंच. इंजिनामागे फ्लुइड फ्लायव्हील, म्हणजे क्लचऐवजी तेलाने फिरणारी जोडणी, तिथून एक शाफ्ट निघतो ज्यात फ्रीव्हील असतं (सायकलच्या मागच्या चाकासारखं, पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना तसंच), मग चार गिअरचा विल्सन गिअरबॉक्स, मग परत शाफ्ट, आणि शेवटी ऍक्सलवर फायनल ड्राइव्ह. पुढे जायचं की मागे हे तिथे ठरतं.

विल्सन बॉक्समध्ये आपल्या मोटारीसारखे दात सरकवायचे नसतात. आत सगळी चक्रं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात, आणि खालच्या प्रत्येक गिअरच्या ड्रमभोवती एक पट्टा. जो पट्टा आवळला तो गिअर लागला. लंडनच्या बसमध्ये ड्रायव्हर हे पायाने करायचा, रेल्वेत दोन-दोन चार-चार डब्यांखालची इंजिनं एकाच वेळी सांभाळायची म्हणून पट्टा आवळायला हवा वापरली आणि हवा सोडायला विजेवर चालणारा वॉल्व्ह. ड्रायव्हरने केबिनमध्ये दांडा सेकंडवर नेला की वायरमधून करंट जातो, गाडीतल्या सगळ्या गिअरबॉक्सांचे सेकंडचे वॉल्व्ह एकदम उघडतात, हवा जाते, पट्टे आवळतात.

म्हणजे आमच्या दोन नंबरला सेकंड लागत नाही याची कारणं तीन. एक तर पट्टा झिजला असेल, दुसरं म्हणजे हवा पोचत नसेल, नाहीतर वॉल्व्ह उघडत नसेल. मला पट्ट्याचा संशय. पट्टा असेल तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागणार, आणि ते काम एका शनिवारचं नाही, एका हिवाळ्याचं आहे.

२ नोव्हेंबर

पाडवा. शेडला दांडी. कालच्या पूजेआधी घरी समया-निरांजनं पितांबरीने घासण्यात दोन तास गेले होते, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली एवढा कळंक चढेपर्यंत काय करत होतास रे. म्हटलं अगं आई, रेल्वेची गाडी दुरुस्त करत होतो. तर म्हणे तुझे बाबा जन्मभर शेडमधून ग्रीसचे कपडे घेऊन आले, तू कॉम्प्युटर शिकलास ना, मग तुझे का काळे?

उत्तर नव्हतं.

१६ नोव्हेंबर

आजचं काम मस्त झालं. टकटक परीक्षा.

इंजिनं चालवून टाकीत हवा भरून घेतली, मग इंजिनं बंद, चाकांखाली पाचरी लावल्या, दोन्ही टोकांना "गाडी हलवू नये"ची पाटी. मी पिटमध्ये गिअरबॉक्सखाली टॉर्च घेऊन, आणि वर पॉवरकारच्या केबिनमध्ये आमचे ड्रायव्हरकाका. काका मी मनात म्हणतो, प्रत्यक्षात नावानेच हाक मारतो कारण इथे तशीच पद्धत. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी याच गाड्या रोज चालवल्यात. ते दांडा फिरवणार आणि मी कान देऊन ऐकणार. एक नंबर बॉक्स: फर्स्ट, टक फुस्स. सेकंड, टक फुस्स. थर्ड, टक फुस्स. फोर्थ, टक फुस्स. वॉल्व्ह उघडल्याची टक आणि आधीच्या गिअरची हवा सुटल्याची फुस्स. दोन नंबर: फर्स्ट टक. सेकंड... ट्. म्हणजे आवाज आलाय असं वाटतं, पण भरल्या पोटी कोणी नाइलाजाने हो म्हणावं तसा. थर्ड टक.

दहा वेळा करून बघितलं, सात वेळा बरोबर वाजला, तीन वेळा तसला मेलेला. म्हणजे पट्ट्यावरचा संशय थोडा कमी झाला, गेला नाही. हवेचं प्रेशर गेजवर व्यवस्थित आहे आणि साबणाचं पाणी लावून जॉइंट तपासले, कुठेही बुडबुडा नाही.

मग काकांनी चहाच्या वेळी मूळ मुद्दा सांगितला की गिअर कधी बदलायचा हे केबिनमध्ये लिहिलेलं असायचं, ताशी १५, २७ आणि ४१ मैलांना, आणि नवशिका ड्रायव्हर लगेच ओळखू यायचा कारण तो थ्रॉटल (आपला ऍक्सलरेटर) खाली आणायचा आणि तिथेच दांडा ओढायचा, इंजिनाला श्वास घ्यायला वेळच द्यायचा नाही, मग डबा धक्का खायचा आणि मागे कोणाचा तरी चहा मांडीवर. शहाणा माणूस थ्रॉटल बंद करून मनात आकडे मोजायचा, मग गिअर, मग परत थोडं थांबून थ्रॉटल. फ्रीव्हील असल्यामुळे थ्रॉटल सोडला की गाडी नुसती वाहत राहते, इंजिन तिला धरून ठेवत नाही, त्यामुळे उतारावर ब्रेकवरच भिस्त.

३० नोव्हेंबर

थंडी. पाना हाताला चिकटतोय. वॉल्व्हचे सील आणि डायफ्रॅम मागवले होते ते आले, चुकीच्या मापाचे. पावतीवर बरोबर नंबर, पाकिटावर बरोबर नंबर, आत भलताच माल. फोन केला तर म्हणे फोटो पाठवा. पाठवला.

१४ डिसेंबर

आमच्या गाडीला हात लावायला जागाच नाही, सगळी शेड सांताच्या गाड्यांच्या तयारीत. मी आणि एक पोरगा जंपरच्या (दोन डबे जोडणाऱ्या विजेच्या केबलच्या) वरच्या टोपणांना रंग देत बसलो. निळा चौकोन.

त्या पोराने विचारलं हा चौकोन कशाला, मग सगळं पुराणच निघालं. १९५४ च्या जूनमध्ये ब्रिटिश रेल्वेने पहिल्या नव्या डिझेल गाड्या यॉर्कशरमध्ये लीड्स-ब्रॅडफर्ड भागात आणल्या, डर्बीलाच बनलेल्या, ऍल्युमिनियमच्या हलक्या. लोकांना आवडल्या. मग जानेवारी १९५५ ला आधुनिकीकरणाची ती १,२४० मिलियन पाउंडांची योजना जाहीर झाली आणि हजारोंनी डबे हवेत असं ठरलं, स्वतःच्या कारखान्यांना एवढं झेपणार नव्हतं म्हणून मेट्रोपॉलिटन-कॅमेल, क्रेव्हन्स, ग्लॉस्टर, पार्क रॉयल, विकहॅम अशा दिसेल त्या कारखान्याला ऑर्डरी. प्रत्येकाचं तोंड वेगळं, दारं वेगळी, काहींची वायरिंगही वेगळी. आता एका पद्धतीच्या वायरिंगची गाडी दुसरीला जोडली तर पुढच्याने सेकंड मागितला नि मागच्याने भलतंच ऐकलं असं व्हायचं, म्हणून खुणा ठरल्या: निळा चौकोन, पिवळा डायमंड, लाल त्रिकोण, पांढरा गोल, नारिंगी तारा. सारखी खूण असेल तरच जोडा. यात निळा चौकोनच सगळ्यात जास्त पसरला, बाकीचे एकटे पडले. त्या पहिल्यावहिल्या यॉर्कशरच्या गाड्या लाल त्रिकोणवाल्या होत्या, दहा वर्षांत, १९६४ पर्यंत, सगळ्या बाद. नव्या कोऱ्या गाड्या केवळ कोणाशी जमत नाही म्हणून भंगारात, लग्न मोडावं तसं.

११ जानेवारी २०२५

बरोबर मापाचे सील आले (तिसऱ्या खेपेला). दोन नंबरचा सेकंडचा वॉल्व्ह खोलला. आत काळा चिकट थर, तेल आणि पाणी मिळून झालेला, स्प्रिंग मात्र ठीक. साफ करून नवीन सील घालून बसवला. टकटक परीक्षा, वीसपैकी वीस. सगळे खूश. मी बिस्किटं वाटली.

१८ जानेवारी

बिस्किटं परत मागावीत काय. आवारातच गाडी पुढेमागे केली, पॉवरकारच्या केबिनमधून सगळं उत्तम, मग ट्रेलरच्या केबिनमधून घेतली तर दुसऱ्याच खेपेला दोन नंबरचं घोंघावणं सुरू. पूर्वीपेक्षा कमी वेळा होतं, पण होतंच.

मी जाहीर केलं की पट्टाच असणार, वॉल्व्ह ही फक्त साथ होती. गिअरबॉक्स उतरवायचा.

२५ जानेवारी

डोकं शांत करायला वर्क्सवर्थला गेलो, एक्लसबोर्न व्हॅली रेल्वेवर, आयरिसला बघायला. एकट्या डब्याची गाडी, दोन्ही टोकांना केबिन, १९५६ मधली डर्बीचीच. ही आधी बॅनबरी-बकिंगहॅम मार्गावर धावायची. त्या मार्गावर वाफेची गाडी रिकामी जायची, डिझेल आल्यावर प्रवासी कितीतरी पटींनी वाढले, आणि तरीही जानेवारी १९६१ पासून प्रवासी गाड्या बंदच केल्या. म्हणजे बीचिंगचा तो रेल्वेमार्ग बंद करायला सांगणारा कुप्रसिद्ध अहवाल १९६३ चा, त्याच्याही आधी. माणसं वाढली तरी खर्च निघत नव्हता म्हणे. आयरिस वाचली ती प्रवाशांमुळे नाहीच, रेल्वेच्या संशोधन खात्याने तिला रेडिओच्या चाचण्यांसाठी ठेवून घेतलं म्हणून.

केबिनच्या मागच्या सीटवर बसलो. या सगळ्या गाड्यांची ही एक खरी देणगी, ड्रायव्हरच्या मागे काचेची भिंत, त्यामुळे पहिल्या रांगेतल्याला समोरचे रूळ सरळ दिसतात. इथल्या साठी-सत्तरीतल्या कोणत्याही माणसाला विचारा, लहानपणी त्या सीटसाठी भावाशी मारामारी केल्याचं सांगेल. रात्री मात्र ड्रायव्हर पडदे ओढून घ्यायचा, काचेवर आतले दिवे चमकतात म्हणून. पोरांचा हिरमोड.

तिथल्या एका गृहस्थांशी गप्पा झाल्या, ते म्हणाले बसवाल्यांची ही सोयरीक त्याहून जुनी. ग्रेट वेस्टर्नने १९३३ पासून रेलकार घेतल्या त्याही एईसीच्या, म्हणजे लंडनच्या बसवाल्या साउथॉलच्या कंपनीच्या. अडतीस बनल्या १९४२ पर्यंत, अंगाने गोलसर, लोकांनी नाव ठेवलं उडतं केळं. आणि गंमत म्हणजे १९८० च्या दशकात आमच्या १०८ म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या जागी जी पेसर गाडी आणली तीही काय, तर लेलँड नॅशनल बसचीच बॉडी चार चाकांवर चढवलेली. आमच्यात निदान इंजिनच बसचं आहे, बोगी, म्हणजे खालचे चाकांचे सांगाडे, तरी रेल्वेच्या.

८ फेब्रुवारी

आज भांडण म्हणावं एवढं झालं नाही, पण चहा गार झाला.

मी गिअरबॉक्स उतरवायची यादी करून आणलेली: जॅक, पाळणा, साखळी, कोण कुठे उभं राहणार, सगळं. आमच्याकडे वायरिंगचं बघणाऱ्या बाई आहेत, नोकरीभर रेल्वे सिग्नलचं काम केलेल्या, बोलतात कमी. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं की पट्टा झिजला असेल तर तो कुठल्या केबिनमधून गाडी चालवताय हे त्याला कसं कळतं?

मी गप्प. खरंच की. बिघाड आता पॉवरकारच्या केबिनमधून होत नाही, ट्रेलरच्या केबिनमधून होतो हे मीच १८ जानेवारीला इथे लिहिलंय आणि मीच विसरलोय. कॉम्प्युटरवर दिवसभर लोकांना सांगतो की आधी लॉग वाचा.

पण मग मीही विचारलं, वायरच खराब असेल तर एक नंबरचं इंजिन का ओढतं, वायर तर दोघांना एकच. त्या म्हणाल्या, ते बघू.

२२ फेब्रुवारी

सापडलं.

बाईंनी पद्धत अशी केली. नुसता व्होल्टेज बघायचा नाही, भार चालू असताना बघायचा, म्हणजे वॉल्व्हची कॉइल करंट घेत असताना तिच्या टोकांवर किती पोचतं ते. यंत्रणा २४ व्होल्टची. मी परत पिटमध्ये, मल्टीमीटरच्या सुया दोन नंबरच्या सेकंडच्या कॉइलवर, पाठीखाली पोतं. पॉवरकारच्या केबिनमधून दांडा टाकला: २२.६. फर्स्ट क्लास. मग काका चालत ट्रेलरच्या केबिनमध्ये गेले, तिथून टाकला: १५.८. परत: १६.१. परत: १४.९, आणि वॉल्व्हने ट् केलं.

मग त्याच पद्धतीने एक नंबरच्या कॉइलवर. तिथेही पंधरा-सोळाच! पण तो वॉल्व्ह एवढ्यावरही टक करून उघडतो. म्हणजे उपासमार दोघांची सारखीच, एक काटक आणि एक नाजूक एवढाच फरक. मी जानेवारीत सील बदलले तेव्हा नाजूक थोडा सुधारला, म्हणून बिघाड कमी झाला, आणि मी समजलो की आपण बरोबर मार्गावर आहोत.

सात व्होल्ट वाटेत कोण खातंय? ट्रेलरकडून येणारी वायर दोन डब्यांमधल्या जंपरमधून येते. जंपर म्हणजे मनगटाएवढी केबल, टोकाला प्लग, आत पितळी पिना, सगळ्या कंट्रोलच्या वायरी त्यातून. प्लग काढला, टॉर्च मारला. बाकी पिना बऱ्या, खालच्या अंगाची, सेकंडची, हिरवी. कळंक. प्लगच्या टोपणाचं रबर खालच्या बाजूला फाटलेलं, तिथून पावसाचं पाणी आत मुरत होतं, बरोबर त्याच पिनेवर. आणि डिसेंबरमध्ये मी याच टोपणाला बाहेरून सुरेख निळा रंग दिला होता, दोन हात!

मी म्हटलं आमच्याकडे यावर पितांबरी मिळते. बाईंना ते काय हे सांगण्यात पाच मिनिटं गेली, त्यांनी शांतपणे सांगितलं की पिनांना पावडर लावायची नाही, ती आत राहते आणि पुन्हा ओलावा धरते. बारीक कानस, कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि पिनेत ताण राहिला नसेल तर पिन बदलायची.

१५ मार्च

पिन बदलली, समोरच्या सॉकेटमधली जोडीदारही बदलली, टोपणाला नवीन रबर. ट्रेलरच्या केबिनमधून कॉइलवर आता २१.९. टकटक परीक्षा दोन्ही केबिनमधून पन्नास-पन्नास, एकही चुकला नाही. मी मोजत होतो, पोरगं कागदावर रेघा मारत होतं.

बाकीच्या पिनाही एकेक करून भाराखाली तपासल्या, थ्रॉटलच्या दोन वायरी थोड्या कमी दाखवतात, त्या पुढच्या वेळी.

मधल्या सुट्टीत काकांना आमच्या पुणे-दौंड डेमूचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी आवाज ऐकून लगेच सांगितलं, ही गिअरवाली नाही. बरोबर, ती डिझेल-इलेक्ट्रिक, इंजिन वीज बनवतं आणि मोटर चाक फिरवते. इथे तसल्या गाड्या दक्षिणेकडे होत्या, १९५७ च्या हेस्टिंग्जवाल्या. त्या मार्गावरच्या बोगद्यांचं विटांचं अस्तर कंत्राटदाराने पातळ बांधलं होतं, नंतर आतून अजून विटा चढवाव्या लागल्या, बोगदे अरुंद झाले, म्हणून डबेच अरुंद बांधले. त्याच्या शंभरेक वर्षं आधी कोणीतरी विटा खाल्ल्या आणि लोकांना आखडून बसावं लागलं. हे ऐकून मला मायदेशाची आठवण आली, बाकी काही म्हणत नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा, इथला मदर्स डे, आणि घड्याळं रात्रीत एक तास पुढे, तिन्ही एकाच दिवशी. सकाळी बाल्कनीत छोटी गुढी उभारली, कडुनिंब कुठला मिळतोय, नुसताच गूळ खाल्ला आणि पळालो.

वरून परवानगी मिळाली होती, रिकामी गाडी पूर्ण मार्गावर न्यायची, प्रवाशांच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी. काका ट्रेलरच्या केबिनमध्ये, मुद्दाम. आता ते एकटे चालवत नाहीत, शेजारी परवानाधारक ड्रायव्हर उभा, पण हात त्यांचाच. थ्रॉटलची मूठ दाबून धरली (सोडली की डेडमन, थोड्या सेकंदांत ब्रेक), फर्स्ट. दोन्ही इंजिनांचा आवाज एक झाला. आमच्या मार्गावर वेगाची मर्यादा २५ मैल, त्यामुळे थर्डची फारशी वेळच येत नाही, सगळा खेळ फर्स्ट आणि सेकंडचा, आणि सेकंडच आजारी होता!

पंधरावर काटा आला. थ्रॉटल बंद. गाडी वाहतेय, रुळाच्या सांध्यांचा खडखडाट तेवढा. काकांचे ओठ हलत होते, मोजत होते. दांडा सेकंडवर. अजून एक श्वास. थ्रॉटल.

दोन नंबरने ओढलं. पाठीला सीट लागली एवढंच, धक्का नाही. जाऊन-येऊन अकरा वेळा सेकंड टाकला, अकराही वेळा लागला. परतताना मला मागे गार्डच्या कप्प्यात जाऊन बेल द्यायला मिळाली. इथेही एक बेल थांबा, दोन बेल चला, डिट्टो आपली एसटी. मी दिली डबल बेल, फार जोरात दिली बहुतेक, कारण काकांनी वळून मागे बघितलं.

आईला संध्याकाळी व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर: आवाज येतोय बसचा, गाडी कुठाय?

१२ एप्रिल

थ्रॉटलच्या दोन पिना बदलल्या. उरलेली कामं: ट्रेलरच्या तिसऱ्या खिडकीची गळती, सीटची दोन कव्हरं, आणि हीटर. हा हीटरही डिझेलच जाळतो, स्मिथ्सचा, आणि आमचा सध्या डब्यात ऊब कमी आणि वास जास्त सोडतो. गिअरबॉक्स उतरवायची माझी यादी पोरांनी शेडच्या फळ्यावर टाचणीने लावून ठेवलीये, काढू देत नाहीत.